बरोबरीत सोडवलेली कुस्ती

आबांची मान दुखावली त्या वर्षी आमच्या घरी दूध यायचं बंद झालं. बाकीच्या गोष्टी हळूहळू बंद होत गेल्या. दूध दुसऱ्या दिवशीच थांबलं.

दूध तालमीकडून यायचं. आबा पैलवान होते, आणि वस्तादांनी त्यांचा खुराक बांधून दिला होता: रोजचं चार लिटर दूध, महिन्याचं तूप, बदाम. आबांचं पिऊन उरलेलं आम्ही दोघी बहिणी प्यायचो. वस्ताद वाईट माणूस नव्हते. ते दवाखान्यात आले, आबांच्या उशाशी बसून राहिले, डोळे पुसत गेले. पण खुराक लढणाऱ्याला असतो, त्याच्या घराला नसतो. ही रीत सगळ्यांना माहीत होती, आईलासुद्धा. तिने कधी तक्रार केली नाही. रिकामी कॅन घासून फळीवर पालथी घातली.

आबा सात आठवडे सरकारी दवाखान्यात होते, मग घरी बाजेवर. डावा हात खांद्यापासून खाली बधिर झालेला. आई रोज सकाळी त्यांच्या तळहाताला चिमटा काढायची.

"लागतंय?"

"न्हाय."

मग ती पदर खोचून कामाला जायची. मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये चपात्या लाटायचं काम तिला मिळालं होतं. दिवसाला तीनशे चपात्या. उरलेल्या असतील तर घरी आणायच्या, ही मुभा होती. काही दिवस उरायच्या नाहीत.

आणि त्याच काळात आबांना जत्रांची आमंत्रणं येत होती. गाडी घ्यायला यायची, पुढच्या रांगेत खुर्ची असायची, हलगी वाजायची, फेटा बांधला जायचा, नारळ हातात दिला जायचा. घरी आल्यावर आई नारळ फोडून कालवणात घालायची आणि फेटा ट्रंकेत ठेवायची. ट्रंक भरल्यावर तिने फेट्यांच्या गोधड्या शिवल्या. आम्ही भगव्या आणि गुलाबी जरीच्या फेट्यांखाली झोपायचो. पोटभर जेवून झोपायचोच असं नाही.

आई एकदा म्हणाली, "तुझ्या बापाला अख्खा जिल्हा ओळखतो आणि सही करायला अर्धा तास लागतो. तू कालिजात जायचं." मेसमधल्या मुली ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवायच्या, ते ती रोज बघत होती. चपात्या लाटता लाटता तिने माझं ठरवून टाकलं.

आमच्या घरात भिंतीवर कुणाचंच सर्टिफिकेट नव्हतं. त्याऐवजी एक गोष्ट होती. मान मोडायच्या आदल्या वर्षीच्या जत्रेत आबांनी शहरातल्या मोठ्या तालमीच्या एका नामांकित पैलवानाशी चाळीस मिनिटं कुस्ती केली. तो आबांपेक्षा वजनाने खूप जास्त होता. आबांनी पाठ लावू दिली नाही. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोघांनी एकमेकांचे हात वर करून फडाला फेरी मारली. मी सात वर्षांची होते. फडात बायका बसत नाहीत, म्हणून शाळेच्या गच्चीवरून सगळ्या बायकांबरोबर बघत होते. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, पण आरडाओरडा छातीत घुमत होता. पुढे मला कुणीही विचारलं, कुणाची गं तू, की मी त्या कुस्तीचं सांगायचे. एवढ्यावर माझी ओळख पटायची.

मी बी.ए. झाले, पुण्यात एम.ए. झाले. तिथेच एका वयस्क फादरांकडे आठवड्यातून तीनदा लॅटिन शिकले. ते फी घेत नसत, पण गृहपाठ केला नाही तर परत पाठवत. मग परदेशात पीएच.डी.साठी अर्ज केले, सहा ठिकाणांहून नकार आले आणि एका ठिकाणाहून होकार. अशी मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला आले. हे गावाचं नाव आहे. आई अजूनही लोकांना सांगते, "स्टेट कालिजात हाय," आणि मी ते दुरुस्त करत नाही.

माझा विषय होता रोममधले ग्लॅडिएटर, लोकांसमोर शस्त्रं घेऊन लढणारे. आबांमुळे हा विषय घेतलास का, असं सगळे विचारतात. तसं नाही. लायब्ररीत एका जाडजूड पुस्तकात त्यांच्या थडग्यांच्या दगडांचे फोटो होते. दगडावर त्या माणसाचं वय, तो किती वेळा लढला, किती जिंकला, किती वेळा बरोबरीत सुटला. लॅटिनमध्ये बरोबरीला शब्द आहे, त्याचा अर्थ "उभ्याने सोडलेले". आणि खाली बारीक अक्षरात, हा दगड त्याच्या बायकोने उभा केला. एवढं वाचलं आणि मला वाटलं, हे मला कळतं. तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

पीएच.डी. करताना शिकवावंही लागतं. दर शुक्रवारी वीस-बावीस मुलं समोर बसायची, अमेरिकन, टोप्या घालून. त्यांना सिनेमातलं माहीत असायचं: प्रत्येक लढतीत एक जण मरतो, राजा अंगठा खाली करतो. मी सांगायचे, अंगठा नेमका कुठल्या दिशेला असे ते आपल्याला पक्कं माहीत नाही. हे खेळ सुरू झाले मेलेल्या माणसाच्या मानासाठी, मग पुढाऱ्यांनी ते मतांसाठी भरवले आणि सम्राटांनी लोक गप्प राहावेत म्हणून. लढणारे बहुतेक गुलाम, कैदी, लढाईत पकडलेले. काही जण आपणहून यायचे, शपथ घेऊन स्वतःला विकायचे. आपणहून आलेल्याचीही कायद्यात अब्रू जायची, वेश्येच्या आणि नटाच्या ओळीत त्याला बसवायचे. पण त्याच्यासाठी गाव वेडं व्हायचं. कुणी कुठे बसायचं तेही ठरलेलं होतं. पुढे सरदार, मग नागरिक, आणि बायका सगळ्यात वर, मागे. हा भाग मी कागद न बघता सांगायचे.

माझ्या प्रबंधाचा तिसरा चॅप्टर या बरोबरीवर होता. लोकांनी फुकट रक्त बघायला यायचं आणि तरी दोघांनाही जिवंत सोडा म्हणून ओरडायचं, ते का? मी पस्तीस पानं लिहिली. लिहिलं की गर्दीलाही शौर्य कळतं, तोडीस तोड लढणाऱ्या दोघांना ती मान देते, दया करते. मला तो चॅप्टर आवडला होता.

माझ्या गाइड बाई साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला ऑफिसात बसवलं आणि पानं माझ्याकडे सरकवली.

"लिहिलंय छान," त्या म्हणाल्या. "माझा यातल्या एकाही वाक्यावर विश्वास नाही."



"तुम्ही म्हणता गर्दीने ठरवलं. गर्दी ओरडते. ठरवायला तिला काय माहीत असतं? तुम्ही हे सगळं वर बसून लिहिलंय, मागच्या रांगेतून. खाली त्या दोघांचं काय चाललं होतं, ते एका पानावरही नाही."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. विद्यापीठाकडून मिळणारे माझे पैसे त्या सेमिस्टरपर्यंतच होते. फेब्रुवारीअखेर चॅप्टर नीट झाला तर एप्रिलमध्ये डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. नाही झाला तर एम.ए.ची पदवी घेऊन जायचं. ती माझ्याकडे आधीच होती. पैसे संपले की विद्यार्थी म्हणून राहता येत नाही, म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे सहा वर्षं गेली. बाईंनी हे न रागावता सांगितलं. मीही न रागावता ऐकलं. कॅम्पसच्या बसने घरी आले.

मी ज्या मुलीबरोबर राहत होते ती नागपूरची, मटेरियल सायन्सवाली. ती पोहे करत होती.

"काय म्हणाली म्हातारी?"

"चॅप्टर टाकाऊ आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"अगं मग परत लिही ना यार. माझं सॅम्पल तर भट्टीतच फुटलं, चार महिन्यांचं. मी काय त्याच्यासोबत फुटू का?" तिने माझ्यापुढे बशी ठेवली. "एक विचारू का? तुझे बाबा पैलवान होते ना. त्यांना का नाही विचारत?"

"काय विचारू?"

"हेच. चाळीस मिनिटं लढायचं कसं. मला तर बस पकडायला धावलं तरी धाप लागते."

खरं सांगते, हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. मी जर्मन प्राध्यापकांचे लेख डिक्शनरी घेऊन वाचले होते. आबांना कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरी आबांना कुस्तीबद्दल कुणी विचारत नाही, सगळे त्यांना कुस्तीबद्दल सांगतात.

रविवारी सकाळी मी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. आबा आता एका दूध डेअरीच्या गेटवर बसतात, उजव्या हाताने गेट उघडतात. रविवारी सुट्टी असते. आईने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. तिचं लसूण सोलणं चाललं होतं.

मी विचारलं, "आबा, ती चाळीस मिनिटांची कुस्ती. दम कसा पुरवला तुम्ही?"

"आता का काढलंस ते?"

"अभ्यासाला पाहिजे."

तिकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"नुरा हुती ती," आबा म्हणाले.

नुरा म्हणजे ठरवून केलेली. कोण कधी काय डाव टाकणार, कधी सुटणार, सगळं आधी बोललेलं. पैलवानाच्या घरात हा शब्द शिवीसारखा असतो.

"कुणी ठरवली?"

"आमी दोघांनीच. दुपारी शाळंच्या मागं बसलो हुतो, पिंपरणीखाली. त्येची बायकू पोटुशी हुती. मला बी तुमी दोघी. त्यो म्हणला, पैलवान, लोकास्नी बघाय पायजे ना, बघू द्या की. आपुन मरायचं कशाला? वस्तादांस्नी ठावं हुतं. पंचांस्नी बी."

"पंचांना पण?"

"त्येस्नी डोळं न्हाईत व्हय?"

मी विचारलं, मग ती लढत खोटी होती का. आबा पहिल्यांदा चिडले.

"खोटी कशी? उचललं की माणूस खालीच येतोय. माती तीच, वजन त्येच. त्येला लागू द्यायचं न्हाय, आपल्याला लागू द्यायचं न्हाय, आन् हजारो माणसाला वाटाय पायजे की आता मेला. खऱ्या कुस्तीला पाच मिनटं लागत्यात. ह्येला लई दम लागतोय. लई."

मग पुढच्या वर्षी काय झालं, तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. त्या बरोबरीनंतर लोकांत कुजबुज सुरू झाली होती. फडात एका कोपऱ्यातून नुरा, नुरा म्हणून ओरडायला लागले. जत्रा कमिटीला बोल लागला. म्हणून पुढच्या वर्षीच्या पत्रकात त्यांनी छापलं: निकाली कुस्ती. एकाची पाठ लागल्याशिवाय सोडवणार नाही. जोडी तीच घातली, कारण लोकांना तीच बघायची होती.

"म्हणजे तुमची मान..."

"त्योच हुता. त्येनं तरी काय करावं? पंच सोडवंना, अंधार पडाय लागला. त्येनं डाव वढला, मी मान आखडली. झालं. दवाखान्यात येऊन रडत हुता."

लसूण सोलता सोलता आई म्हणाली, "त्याच्या बायकोनं दर दिवाळीला डबा धाडलाय. तू खाल्लास की चिवडा. कुणाचा म्हणून इचारलंस का कधी?"

"आई, तुला माहीत होतं?"

"मीच म्हणले हुते पहिल्या वर्षी, की बोलून घ्या त्याच्याशी. दुसऱ्या वर्षी म्हणले, जाऊच नका. तवा ऐकलं न्हाय." मग तिने लगेच विचारलं, "जेवलीस का?"

मी जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते. फोन ठेवून मी दोघींची भांडी घासली, कपडे लाँड्रीत टाकले, मशीनसमोर बसून ते फिरताना बघितले. काहीतरी वाटायला हवं होतं. राग यावा किंवा रडू यावं, अशी मी थोडी वाटही बघितली. काही आलं नाही. लहानपणापासून जी गोष्ट मी लोकांना सांगत आले ती खरी नव्हती, आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांना ते कायम माहीत होतं. एवढंच डोक्यात होतं, एखाद्या नोटिशीसारखं. सोमवारी मुलांचे पेपर तपासले, मंगळवारी लायब्ररीत गेले.

पण कामाचं सांगायचं तर डोकं चालत होतं. पत्रकात छापलेल्या त्या अटीला माझ्याकडे लॅटिन शब्द होता. तसे सामने रोममध्येही होते, "सोडवणूक नाही" अशा जाहीर अटीचे. रोमच्या पहिल्या सम्राटाने ते बंद केले. आमच्या जत्रा कमिटीने सुरू केले. मी तो शब्द माझ्या चॅप्टरमध्ये तीनदा वापरला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं की अशी अट मुळात का घालावी लागते.

मी पस्तीस पानं बाजूला ठेवली आणि पुन्हा लिहायला बसले. या वेळी खालून सुरुवात केली. एकाच आखाड्यातली माणसं एकमेकांसमोर उभी केली जायची. ती एकत्र जेवायची, एकत्र घाम गाळायची, एकमेकांच्या बायकापोरांना ओळखायची. त्यांचा मालक त्यांना खेळ भरवणाऱ्याला भाड्याने द्यायचा. रोमन कायद्याच्या एका पुस्तकात लिहिलंय की माणूस धडधाकट परत आला तर ते भाडं, मेला किंवा लुळा होऊन आला तर ती विक्री. म्हणजे मालकालाही तो धड हवा. हातात काठी घेतलेला पंच जवळ उभा, त्याला डोळे होते. मग लांबलेली, देखणी, कुणीही न मेलेली लढत ही गर्दीची दया कशावरून? ती त्या दोघांची कारागिरी असू शकते. आणि गर्दीला तसा वास आला की ती सोडवणूक नको म्हणते. गर्दीला कुणाचं मरण हवं असतंच असं नाही. आपल्याला फसवलं जात नाही याची तिला खात्री हवी असते, आणि ती खात्री दुसऱ्याच्या मानेवर करून घेतली जाते. हे शेवटचं वाक्य बाईंनी खोडलं. फार बोलतंय, म्हणाल्या. बाकीचं ठेवलं.

"असू शकते" हे शब्द मी जिथे जिथे लिहायला हवे तिथे लिहिले. ही कल्पना मला कुठून मिळाली, हे एका तळटिपेत सांगायचं होतं. त्यासाठी आबांची परवानगी घेतली.

"आबा, हे पुस्तकात येईल. चालेल का?"

"मराठीत हाय का?"

"इंग्रजीत."

"मग कोण वाचतंय? घाल. नाव नगं घालू."

"नाही घालत."

"त्येचं तर आजाबातच नगं. त्येच्या पोराचं लगीन ठरतंय."

तळटीप अशी झाली: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका माजी पैलवानाशी फोनवर झालेलं बोलणं; गावाने खरी मानलेली बरोबरी ठरवून केलेली होती आणि पुढच्या वर्षी निकाली कुस्तीत ते हरले, असं त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी चॅप्टर दिला. चार दिवसांनी बाईंची ईमेल आली. त्यात डिफेन्सची तारीख होती, बाकी काही नव्हतं.

एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलामागे चार प्राध्यापक बसले होते. मी नागपूरवालीचा काळा कोट घातला होता, बाह्या थोड्या आखूड होत्या. दीड तास प्रश्न झाले. लॅटिनचे, दगडांच्या तारखांचे, जर्मन लेखांचे. ते मला येत होते. शेवटी मानववंशशास्त्राचे एक प्राध्यापक, जे तोवर गप्प होते, त्यांनी पान उलटलं.

"तिसऱ्या चॅप्टरमध्ये एक तळटीप आहे. हा पैलवान कोण?"

"माझे वडील."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ठीक," ते म्हणाले. "मग मला सांगा, तुम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकली. आता दुसरी ऐकता. दुसरीच खरी हे कशावरून? हरलेला माणूस मागाहून म्हणू शकतो, पहिली तर आम्ही ठरवूनच केली होती."

हा प्रश्न चांगला होता. मी स्वतःला तो विचारला नव्हता.  जे होतं ते सांगितलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पहिली गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, हे मला आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय. ती गाव सांगायचं, मी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही एकच. गावातली त्यांची सगळी इज्जत पहिलीवर उभी आहे आणि दुसरी सांगून त्यांना काही मिळालेलं नाही. पण पुरावा म्हणून मी ती वापरलेली नाही. मी रोमकडे कुठे बघायला हवं होतं, तेवढंच तिने मला दाखवलं. दगड आणि कायदे मी वेगळे तपासले. ते चुकले असतील तर चॅप्टर चुकला, वडील खरे बोलत असले तरी."

 त्यांनी प्रबंध मिटला. "हे उत्तर तळटिपेत घाला," म्हणाले.

मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये एक पाण्याचा नळ होता आणि नोटीस बोर्ड. बोर्डवरची प्रत्येक नोटीस मी वाचली. एक रूम भाड्याने होती, एक सायकल विकायची होती. वीस मिनिटांनी गाइड बाईंनी दार उघडलं आणि हात पुढे केला. दोन दुरुस्त्या होत्या. त्या मी आठवड्यात करून दिल्या.

मे महिन्यात मला प्राचीन इतिहासात पीएच.डी. मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.